संध्याकाळची सपाट रेघ

दादाने रविवारी सगळ्यांना बाबांकडे बोलावलं ते बॅटरी तपासायची आहे असं सांगून. निमित्त लागतंच. या घराण्यात कुणी कुणाकडे उगाच गेलेलं नाही. आजोबा बहिणीकडे जायचे ते तिच्या छत्र्या दुरुस्त करायला. एका वर्षी तिच्या सगळ्या छत्र्या धडधाकट निघाल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच छत्रीची काडी मोडली आणि पक्कड तुझ्याकडेच आहे म्हणून तिचं दार वाजवलं. आई भावाचा डबा परत करायला जायची आणि येताना दुसरा डबा घेऊन यायची, म्हणजे पुढच्या खेपेची सोय. 'नुसतं भेटायला आलो' हे वाक्य तीन पिढ्यांत इथे कुणी बोललेलं नाही. बोललं असतं, तर समोरच्याच्या तोंडचं पाणी पळालं असतं आणि त्याने पहिलं विचारलं असतं, "का? काय झालं?"

दादाचं खरं कारण त्याच्या फोनमध्ये होतं. ते त्याने बायकोला सांगितलं तेसुद्धा अर्धा रस्ता संपल्यावर. गाडी ती चालवत होती. घरात तिला सगळे वहिनीच म्हणतात; दादासुद्धा, रागावला की.

"हे बघ," त्याने फोन पुढे केला.

"मी रस्ता बघतेय. तोंडाने सांग."

"संध्याकाळची रेघ सपाट आहे. जवळजवळ महिना झाला."

आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात दादाने बाबांच्या छपरावर सोलर पॅनेल बसवून घेतले होते. मागच्या दाराशी भिंतीवर कपाटाएवढी बॅटरी लावली, आणि पोर्चमध्ये धाकट्या बहिणीच्या, भिंगरीच्या, गाडीसाठी चार्जर. दिवसा ऊन बॅटरीत भरायचं, संध्याकाळी त्यावर घर चालायचं आणि रविवारी बहिणीची गाडी. यातलं किती कुठे गेलं ते दादाला त्याच्या शहरात बसून फोनवर रेघेने दिसायचं. आधी तो हौसेने बघायचा, मग सवयीने. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एकट्याने डबा उघडला की दुसऱ्या हातात ती रेघ असायची. सकाळी किटलीचा सुळका, दुपारी पंख्याची पायरी, दिवेलागणीला दिवे आणि टीव्ही मिळून एक टेकडी. कालची टेकडी दिसली, म्हणजे बाबांनी बातम्या बघितल्या असं समजायचं आणि डबा धुवायला उठायचं.

"आता टेकडीच नाही," दादा म्हणाला. "संध्याकाळी नुसता फ्रिज चालतो. घरात अंधार करून बसतात."

"त्यांना विचारलंस?"

"काय विचारू? दिवे का लावत नाही?"

"हो. तेच विचार."

"मग ते विचारतील, तुला कसं कळलं."

"मग सांग ना, बघतो म्हणून. चोरी केलीस का?"

दादा खिडकीबाहेर बघायला लागला. विमा कंपनीत दावे तपासण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आग कशी लागली, पाणी कुठून गळलं. पुरावा हातात आला की माणसाला काही विचारायची गरज उरत नाही, ही खोड त्याला तिथे लागली.

"विसरायला लागलेत ते," तो शेवटी म्हणाला. "संध्याकाळ झाली हेच कळत नसेल. नाहीतर न जेवता झोपून जात असतील. त्यांना आपल्याकडे आणू. मधली खोली आहे."

"मधल्या खोलीत तुझी सायकल आहे, पळायचं मशीन आहे आणि त्या मशीनवर इस्त्रीचे कपडे आहेत."

"हलवू."

"आणि बाबांचं घर?"

"बंद ठेवू. मग बघू विकायचं का. भिंगरीशी बोलतो मी."

वहिनीने गिअर बदलला. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून तिला एक गोष्ट पक्की कळली होती: जो माणूस दुसऱ्याचं औषध न्यायला येतो, तो दुसऱ्याला काय होतंय हे नेहमी खात्रीने सांगतो.

*

भिंगरीची गाडी पोर्चमध्ये आधीच लागली होती. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून बाबांनी तिला हे नाव ठेवलं, आणि नावाने तिचा पिच्छा सोडला नाही. ती घरोघरी जाऊन व्यायाम देते. मोडलेली हाडं, अवघडलेले खांदे. दिवसभर दुसऱ्यांच्या वडिलांचे गुडघे वाकवते आणि संध्याकाळी आपल्या भाड्याच्या घराचं कुलूप आपणच उघडते. नवऱ्याशी फारकत झाल्यावर तिने दोनच गोष्टी आपल्या मनाने घेतल्या, ते घर आणि ही विजेची गाडी. घर चौथ्या मजल्यावर होतं आणि गाडी भरायची सोय तिथे नव्हती. म्हणून दर रविवारी बाबांकडे.

"नळी लावलीस?" बाबांनी दारातून विचारलं. केबलला ते नळीच म्हणतात.

"लावली."

"बघ मागे जाऊन. पाचही दिवे."

ती मागच्या दाराशी जाऊन बघून आली. बॅटरीवरचे पाचही हिरवे दिवे लागलेले होते. "एवढं ढगाळ असूनही?"

"आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून आड भरून ठेवलाय," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा झाला होता.

भिंगरीला जरा लाज वाटली. मागच्या महिन्यात आभाळ आठवडाभर उघडलं नव्हतं. त्या रविवारी गाडी अर्धी भरली आणि चार्जरचा दिवा लाल झाला. तिला लवकर निघून हमरस्त्यावर चार्जिंगच्या रांगेत थांबावं लागलं. पुढचे दोन रविवार तिने फोनच केला, 'बाबा, तुमच्याकडे ऊन नाही, मी तिकडेच भरते.' ते दोन्ही रविवार तिने गाडीत बसून बिस्किटं खात, समोरच्या गाडीचा नंबर वाचत काढले होते. बाबांकडे नुसतं जाता आलं असतं. पण गाडी भरायची नाही तर जायचं कशाला, हे तिला सांगता आलं नसतं, आणि त्यांना विचारल्याशिवाय राहवलं नसतं.

बाबा खुर्चीत बसले तेव्हा पायजमा वर सरकला. नडगीवर मोठा काळानिळा डाग होता.

"हे काय?"

"बाकावर आपटलो. बाक जिथे होता तिथेच होता, मीच चुकलो."

"कधी?"

"झालं असेल चार-पाच दिवसांपूर्वी. तू आता माझी पेशंटसारखी तपासणी करू नकोस. चहा टाक."

तिने पाय हातात घेतलाच. हाड ठीक होतं. पण स्वतःच्या घरात, चाळीस वर्षं एकाच जागी असलेल्या बाकावर माणूस आपटतो कसा? दादा आठवडाभर फोनवर 'बाबांचं काहीतरी बिनसलंय' म्हणत होता, ते तिला आता खरं वाटायला लागलं.

*

जेवणं झाली, टेबल पुसून झालं. दादाने फोन मधोमध ठेवला.

"बाबा, तुम्ही संध्याकाळी दिवे लावत नाही."

"कोण म्हणतं?"

"हे म्हणतं. ही बघा मागची संध्याकाळ. ही त्याच्या आधीची. नुसती सपाट."

बाबांनी चष्मा पुसून घातला आणि बराच वेळ त्या रेघेकडे बघितलं. "हे माझं घर आहे?"

"तुमच्या घराची वीज आहे."

"भिंगरी, तुला माहीत होतं?"

"मला रेघ माहीत नव्हती," भिंगरी म्हणाली. मग जरा थांबून, "पण दादा म्हणतो ते अगदीच चूक नाही, बाबा. पायाला केवढं लागलंय. अंधारात आपटलात ना? उद्या पडलात तर इथे कोण आहे?"

"म्हणजे तुम्ही दोघं ठरवून आलात."

"ठरवून नाही. पण तुम्ही आमच्याकडे यावं असं मला वाटतं," दादा म्हणाला. "मधली खोली रिकामी..." त्याने बायकोकडे बघितलं. "रिकामी करतोय. हे घर सध्या बंद ठेवू."

"बंद?"

बाबांचा आवाज एवढा बारीक आला की भिंगरीने मान खाली घातली. त्यांना चिडता आलं असतं, पण ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले, आणि मुलं समोर असूनही ते एकटे पडले होते. पुढचं मुलांनी आपसांतच बोलायला सुरुवात केली. औषधं कोण बघेल, सामान किती न्यायचं, झाडांचं काय. माणूस समोर बसलेला असताना त्याच्याबद्दल 'त्यांना' म्हणून बोलायला लागलं की काहीतरी संपलेलं असतं.

वहिनी पाणी आणायच्या निमित्ताने उठली आणि स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे गेली. तिला राग आला होता, आणि नवऱ्यावर रागवायला तिला जरा मोकळी जागा लागते. तिथे बॅटरी होती. बॅटरीसमोर, हातभर अंतरावर, आईचं स्वयंपाकघरातलं स्टूल होतं. त्यावर एक शाल घडी करून ठेवलेली, खाली रिकामा कप, आणि कपाशेजारी बाबांच्या चपला भिंतीकडे तोंड करून काढलेल्या. वहिनी त्या स्टुलावर बसून बघायला लागली. समोर पाच हिरवे दिवे, बाकी काही नाही. इथे संध्याकाळभर बसायचं म्हणजे काय, हे तिला एकदम कळलं, आणि तिला रडूच आलं.

पाणी न घेताच ती परत आली.

"बाबा, तुम्ही संध्याकाळी मागच्या दारी बसता ना?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. चोरी पकडल्यावर बरं वाटावं तसे ते जरा सैल झाले.

"टाकीवर लक्ष ठेवायला नको?" ते म्हणाले.

"कसली टाकी?" दादाने विचारलं.

"अरे, बॅटरी. टाकीच ती." बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेलेली, टेकडीवरच्या टाकीचे व्हॉल्व्ह तीस वर्षं त्यांच्या हातात होते. आता ते त्याच आवाजात बोलायला लागले. "टाकी अर्धी असली ना, की जवळच्यांना पाणी मिळतं. पण शेवटच्या घराला चढत नाही. तिथली माणसं नळ सोडून बसतात, नुसती हवा येते. मग काय करायचं? रात्री खालचे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे. जवळच्यांनी जरा कळ काढायची. सकाळी शेवटच्या घराला बरोबर पाणी जातं." ते थांबले. "हिला त्या दिवशी गाडी अर्धी ठेवून जावं लागलं. मग दोन रविवार आलीच नाही. मी म्हटलं, आपण खालचे व्हॉल्व्ह बंद ठेवू."

भिंगरीच्या घराला बाबा शेवटचं घर म्हणतात हे तिने आजच ऐकलं.

"बाबा," दादा कसंबसं म्हणाला, "दिवे किती वीज खातात? तुम्ही आठवडाभर दिवे आणि टीव्ही बंद ठेवून जे वाचवलंत, त्यावर हिची गाडी फार तर नदीच्या पुलापर्यंत जाईल."

"पुलापर्यंत तर पुलापर्यंत. तेवढी तरी जाते."

"आणि बॅटरी भरली की वरचं ऊन वायाच जातं. साठवून काही..."

"दादा, गप्प बस," भिंगरी म्हणाली. मग काहीतरी तिच्या ध्यानात आलं. "थांब. बॅटरी संपली तर घर बाहेरच्या लाइनवर चालतं ना?"

"हो."

"मग माझी गाडी का नाही चालत? चार्जर लाल का होतो? माझ्या सगळ्या पेशंटांकडे गाड्या लाइनवरच भरतात."

दादाने फोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"सांग ना," वहिनी म्हणाली.

"सेटिंग आहे तसं. फक्त उन्हावर."

"कुणी केलं?"

"मी." तो टेबलाकडे बघत बोलला. "ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं, माझ्या बहिणीची गाडी फक्त उन्हावर चालते, लाइनचा थेंब नाही. महिन्याच्या शेवटी ते चित्र दाखवायचो. मला काय माहीत..."

"तुझ्या चित्रासाठी मी रांगेत बसले! आणि बाबा अंधारात! वर म्हणे त्यांना विसर पडतो. चोराच्या उलट्या बोंबा!"

"तू बोलूच नकोस. तू येतेस गाडी भरायला. गाडी भरली नाही तर येत नाहीस. मी निदान रोज बघतो."

"काय बघतोस? रेघ? रेघेला जेवलास का विचारतोस?"

"भांडू नका," बाबा म्हणाले. "त्याला बोलू नका कुणी. त्यानेच तर सगळं बसवून दिलं." ते दादाकडे वळले. "तू रोज बघतोस हे?"

"हो."

"सुट्टीच्या दिवशीपण?"

"हो, बाबा."

बाबांनी फोन हातात घेतला. महिनाभराच्या सपाट संध्याकाळी त्यांनी बोटाने एकेक करून मागे सारल्या.

"अरे, मला माहीत असतं," ते म्हणाले, "तर एखादा दिवा लावून ठेवला असता रे."

दादा उठून पोर्चमध्ये गेला.

*

सेटिंग बदलायला त्याला चहा ओतायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. गाडी आता पूर्वीच्या दुप्पट वेगाने भरायला लागली. बाबा तिच्या शेजारी उभे होते.

"आता ढग आले तरी भरेल?"

"केव्हाही भरेल. लाइनवर."

"आणि लवकर?"

"बरीच लवकर."

"बरं झालं," बाबा म्हणाले. पण त्यांना बरं वाटलेलं नव्हतं. गाडी हळू भरायची तेव्हा भिंगरी दिवेलागणीपर्यंत बसायची. टाकीला एवढा मोठा नळ बसेल हे त्यांनी धरलंच नव्हतं.

दादालाही ते दिसलं. मधल्या खोलीबद्दल तो पुन्हा बोलला नाही. वहिनीने कोपऱ्यातला बाक भिंतीला सरकवला आणि जाता जाता बाबांना म्हणाली, "पायाला लावायचं औषध मी पाठवते. नाही, पाठवत नाही, घेऊनच येते."

गाडी भरली तेव्हा ढग सरले होते आणि ऊन अजून कुंपणावर होतं. भिंगरीने केबल काढली, नीट गुंडाळून ठेवली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. तिला म्हणायचं होतं, गाडी भरलेली असली तरी मी येईन. तिने दोनदा तोंड उघडलं. आईचा आणि आजोबांचा वारसा असा सहजासहजी सुटत नाही.

"बाबा, वायपर किरकिर करतो," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी बघाल का?"

"आण की. बघू. एका रविवारात होईलच असं नाही."

"नसेल होत तर नसेल होत."

ती गेली. मग दादाची गाडीही गेली. बाबा फाटकाशी उभे राहिले, दोन्ही गाड्या दिसेनाशा झाल्यावरही थोडा वेळ.

*

वाटेत पेट्रोल भरायला थांबले तेव्हा अंधार पडला होता. वहिनी पैसे द्यायला आत गेली. दादाने सवयीने फोन काढला. दिवेलागणीची वेळ होती, आणि रेघ फ्रिजच्या उंचीवर सपाट पडली होती. आपण एवढं बोलून आलो, आणि ते पुन्हा त्या स्टुलावर जाऊन बसले.

मग रेघ जराशी वर उचलली. थांबली. पुन्हा वर चढली. एकेक खोली करत कुणीतरी घरातून चालत होतं, आणि जाईल तिथे बटण दाबत होतं. टीव्हीची पायरी आली. त्यानंतर आणखी एक बारीक पायरी आली. तो आईच्या शिलाई मशीनवरचा दिवा असणार, दुसरं काही उरलंच नव्हतं.

दादाने नंबर लावला. पलीकडे लगेच उचलला गेला.

"का? काय झालं?" बाबांनी घाबरून विचारलं.

दादाने काहीतरी निमित्त शोधून पाहिलं. चष्मा, चावी, छत्री. सगळं जवळ होतं.

"काही नाही झालं, बाबा. असाच केला."

पलीकडे टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या.

"दिसतंय का तिथून?" बाबांनी विचारलं.

"दिसतंय."

"थांब हं. मागच्या दारचा राहिलाय. फोन ठेवू नकोस."

पावलं लांब गेली, सावकाश, एक पाय जरा ओढत. मग बटणाचा आवाज झाला. दिवा लागलेला रेघेवर बघायचा तर दादाला फोन कानापासून काढावा लागला असता. त्याने तो काढला नाही.